ईश्वरची मुलगी

ब्रॅम्पटन
९ मार्च २०२५

जयदीप,

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, म्हणून हे तुझ्या चेन्नईच्या कंपनीच्या ईमेलवर पाठवते आहे. कोणी असिस्टंट उघडणार असेल तर उघडू दे. त्याला मराठी येत असेल तर कळू दे, की त्याच्या लेखकाला एक बहीण आहे. सिनेमात ती नाही.

काल तुझा सिनेमा पाहिला. कथा आणि पटकथा, जयदीप शिवराम. तिकडच्या रीतीने आडनाव गाळून बाबांचं नाव लावलंस. ते पाहून ऊर भरून आला, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे कौतुक फारसं नाही.

आम्ही तिघी गेलो होतो. मी, आमच्या ऑफिसातली विजयालक्ष्मी आणि आमच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहणारी ईशिता. माझ्या भावाचा पहिला सिनेमा आहे आणि खून-मारामारीचा आहे, एवढंच मला माहीत होतं. विजयालक्ष्मीने गाडीतच बजावलं होतं, "कल्याणी, सबटायटल पे भरोसा मत करना. आधा गाली काट देते हैं. मैं बताएगी." थिएटर भरलेलं होतं. नायकाच्या चपला दिसल्या तरी शिट्ट्या.

मग पडद्यावर काँक्रीटचा क्यूब आला आणि ही कोणाची गोष्ट आहे ते मला कळलं.

ते सगळं तू नेमकं दाखवलंस, हे मान्य करते. कालव्याच्या भिंतीत जे काँक्रीट पडतं त्यातूनच क्यूब भरायचा, पाण्यात ठेवायचा आणि मग प्रयोगशाळेत फोडून बघायचा, हा नियम. कंत्राटदार गोदामामागे भरपूर सिमेंटचा वेगळा माल कालवून त्याचे क्यूब पाठवतो आणि भिंतीत माती-वाळू ओततो, ही चोरी. आणि सरकारतर्फे कामावर देखरेख करणारे बाबा स्वतः घमेल्यापाशी उभे राहून, बाही वर करून, चालू मालातून क्यूब भरून घेतात. तुझा तो नट बाही अगदी बाबांसारखी वर करतो. विजयालक्ष्मी कुजबुजली, "रोना मत, मेरा पॉपकॉर्न गिर गया है."

भिंत कोसळते. चौकशी बसते. आणि प्रयोगशाळेतला मदतनीस, बाबांचा जिवाचा मित्र, ईश्वर, साक्ष देतो की खोटे क्यूब शिवरामनेच भरायला लावले. तू नाव बदललं नाहीस. गावाचंही नाही. तमिळ सिनेमात एक वैदर्भीय गाव आणि एक ईश्वर, का, हे प्रेक्षकाला विचारायचं सुचलं नाही. मला सुचलं.

आणि शेवट. नायक, म्हणजे शिवरामचा मुलगा, ईश्वरच्या मुलीला पुलाच्या खांबाच्या साच्यात बांधतो, वरून काँक्रीट सोडतो, आणि त्याच घमेल्यातून क्यूब भरून ईश्वरच्या हातात देतो. म्हणतो, "आता तपास." थिएटर उभं राहून शिट्ट्या मारत होतं. त्या मुलीला साधं नाव नाही. नामावलीत ती 'ईश्वरची मुलगी' आहे.

परत येताना गाडीत ईशिता हसत होती. "ताई, व्हिलनचं नाव सेम टू सेम माझ्या बाबांचं, गावही आपलंच. तुमच्या भावाने मस्त नावं उचलली. हिंदीत डब झाला की बाबांना पाठवते. आमच्याकडे सगळे साऊथचेच बघतात. चिडतील बघा."

मी वायपर चालू केले. काच कोरडी होती.

होय जयदीप. ती ईश्वरकाकाचीच मुलगी आहे. दीड वर्षापूर्वी त्याने फोन केला, "बेटा, पोरगी तिकडं येऊन राह्यली. तुह्याशिवाय तिथं कोनी नाही आमचं." मी म्हटलं, पाठवा. खोली रिकामी होती. यापेक्षा मोठं कारण मी तुला देणार नाही. तिच्या बापाला मी माफ केलेलं नाही. तिला यातलं काही माहीत नाही. बाबा आणि काका एका कामावर होते, एवढंच तिला ठाऊक आहे.

तमिळमध्ये हा सिनेमा आपल्या गावात कोणी बघणार नाही. हिंदीत आला की पानटपरीपासून विहारापर्यंत प्रत्येकाच्या मोबाईलवर असेल. तिथे म्हातारा ईश्वर राहतो आणि इथे त्याची मुलगी. हिंदीत नाव बदल. गाव बदल. आणि तो खांब काढून टाक.

कल्याणी

---

ब्रॅम्पटन
१८ मार्च २०२५

जयदीप,

सोळा वर्षांनी तुझं उत्तर आलं आणि तो सौदा निघाला.

तू लिहितोस, डबिंगमध्ये नाव बदलणं सोपं आहे, ईश्वरचा महेश करू, गाव उडवू. मात्र निर्मात्याला हिंदी आवृत्तीसाठी 'सत्यघटनेवर आधारित' असं म्हणता यायला हवं. म्हणून मी दोन मिनिटांचा व्हिडिओ द्यावा, की ही माझ्या वडिलांची खरी गोष्ट आहे. "तू बोलतेस छान," असंही लिहितोस. खांबाचा प्रसंग राहणार, कारण पैसे त्याच प्रसंगाचे वसूल होतात. वर आणखी एक वाक्य आहे, "तू त्याची पोरगी पाळतेस आणि मला न्याय शिकवतेस?"

मी कोणाला पाळत नाही. ती भाडं देते. वेअरहाऊसमध्ये शिफ्ट करते, पीआरची, इथे कायम राहायच्या परवानगीची, वाट बघते आणि ड्रायरमध्ये कपडे विसरते. बर्फ पडला की न सांगता आमचा ड्राइव्हवे शोव्हल करते.

आता खऱ्या गोष्टीबद्दल. तुझ्या सिनेमात बाबांना ट्रकखाली चिरडतात, मध्यंतराच्या आधी. आपल्या बाबांना कोणी चिरडलं नाही. ते निलंबित झाले आणि अकरा वर्षं जगले. सुनावणीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून एसटीने जिल्ह्याला जायचे आणि पुढची तारीख घेऊन यायचे. साहेब रजेवर. साहेबांची बदली. नवे साहेब फाईल वाचताहेत. आई डब्यात दशम्या द्यायची, त्या ते तशाच परत आणायचे, कारण कचेरीच्या ओट्यावर खाताना कोणी ओळखीचं बघेल. भ्रष्टाचाराला ट्रक लागत नाही, जयदीप. त्याला फक्त तारीख पुढे ढकलावी लागते. प्रामाणिक माणसाला तो जिवंत ठेवतो आणि त्याच्याच गावात त्याला चोर म्हणून फिरवतो. हे दाखवायची धमक कोणात नाही, कारण याच्यावर शिट्टी वाजत नाही.

आणि ईश्वर. तू त्याला सोन्याच्या साखळ्या घातल्या आहेस. तो रोजंदारीवर होता. साक्ष दिली आणि सहा महिन्यांत कायम झाला. एवढ्यावर विकला गेला. ज्याने विकत घेतला तो कंत्राटदार तुझ्या सिनेमात दोन प्रसंगांत आहे आणि शेवटी परदेशी निघून जातो. सगळा सूड मदतनिसावर, आणि मदतनिसाच्याही मुलीवर.

मी इथे दर एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमात उभी राहून एकच गोष्ट सांगते. कोणाच्या पोटी जन्मलास यावरून तुझा गुन्हा ठरवणाऱ्या व्यवस्थेशी आपले आजे-पणजे लढले. त्यांनी कोणता गुन्हा केला होता? जन्म. आणि त्यांचा पणतू चेन्नईत बसून एका मुलीला बापाच्या पापासाठी काँक्रीटमध्ये पुरतो, आणि त्याला न्याय म्हणतो. सूड रक्तावरून घेतलास की तू त्यांच्याच पोथीतला श्लोक म्हणत असतोस. चाल फक्त तुझी.

व्हिडिओचं अजून ठरवलेलं नाही.

बाबांच्या अंत्यविधीनंतर मी पोलिसांना फोन केला आणि तुला एक रात्र लॉकअपमध्ये काढावी लागली, याचा तू पुन्हा उल्लेख केला आहेस. तुझ्या हातात पेट्रोलचा कॅन होता आणि तू ईश्वरच्या घराकडे निघाला होतास. ईशिता तेव्हा पहिलीत होती. ती घरात झोपलेली होती. मी आज पुन्हा तोच फोन करीन.

कल्याणी

---

ब्रॅम्पटन
३ एप्रिल २०२५

जयदीप,

व्हिडिओ करायला बसले होते. लपवत नाही.

योगेशचं म्हणणं असं, की पोरगी वाचते, म्हातारा वाचतो, तुझी दोन मिनिटं जातात. मी म्हटलं, खोटं आहे ते. तर तुझे भाऊजी म्हणाले, "जयंतीला तू चाळीस मिनिटं बोलतेस, तेव्हा तरी सगळं कुठे खरं असतं?"

"ते माझं मत असतं. ही साक्ष आहे."

"कोण तपासणार आहे, कल्याणी?"

गॅरेजमध्ये गेलो, कारण घरात फ्रिजचा आवाज येतो. काढून ठेवलेल्या विंटर टायरच्या चळतीवर योगेशने फोन ठेवला. मी गाडीकडे पाठ करून उभी राहिले. "नमस्कार, मी कल्याणी. हा सिनेमा माझ्या वडिलांची..." पुढे नाही आलं. मला, जिला माइक दिला की काढून घ्यावा लागतो. पुन्हा केलं. पुन्हा तिथेच.

तेव्हा कळलं की मला नेमकं काय करायला सांगितलं जातं आहे. आपल्या माणसाच्या पोटासाठी, कोणाचं नुकसान नाही अशी मनाची समजूत घालून, शिवरामबद्दल दोन मिनिटं खोटं बोलायचं. ईश्वरकाकाने एवढंच केलं होतं.

योगेशला मी फोन बंद करायला सांगितला. आत जाऊन त्याने चहा टाकला.

आमच्या मंडळाच्या नंदूने, तो सचिव आहे, तुझा सिनेमा मंडळातर्फे दाखवायचा घाट घातला आहे. "मॅडम, अख्खं थिएटर बुक करतो. आपल्या माणसाचा सिनेमा आहे. तुम्ही फक्त आधी दहा मिनिटं बोला." मी त्याला सांगितलं की बोलेन, पण थिएटरमध्ये नाही. शनिवारी, बारा तारखेला, जयंतीच्या कार्यक्रमात. खरं काय घडलं ते तीनशे लोकांसमोर सांगेन. त्याचं रेकॉर्डिंग फिरू दे. मग तुझा निर्माता 'सत्यघटना' कशाला म्हणतो ते बघू. आणि ज्याला ईश्वरच्या दारात दगड घेऊन जायचं आहे, त्याने आधी माझं ऐकावं.

तू नाव बदलशील की नाही ते तुझ्यावर. माझी बाजू मी माझ्या पद्धतीने लढेन.

कल्याणी

---

ब्रॅम्पटन
१३ एप्रिल २०२५

जयदीप,

काल बोलले.

रेकॉर्डिंग तुझ्यापर्यंत पोचलंच असेल. बाबांचा इस्त्रीचा शर्ट, पुढे गेलेल्या तारखा, न खाल्लेल्या दशम्या. ईश्वरने साक्ष दिली हे नावासकट सांगितलं, आणि ती कशाच्या बदल्यात दिली तेही. मग सिनेमाकडे वळले. म्हटलं, बापाचा गुन्हा लेकीच्या कपाळावर लिहिणारी लेखणी माझ्या सख्ख्या भावाची असली तरी मी ती मोडेन. लोक उभे राहिले. मागच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या. मॉन्ट्रियलहून आलेल्या प्रभाताई म्हणाल्या की असं भाषण त्यांनी वीस वर्षांत ऐकलं नाही. नंदू तोंड पाडून बसला, कारण त्याची तिकिटं आता खपणार नाहीत. एवढ्या वर्षांच्या भाषणांत हे माझं सर्वांत चांगलं भाषण होतं.

हे सगळं मी मोठ्या हौसेने लिहिते आहे असं तुला वाटेल. एक गोष्ट लिहायची टाळते आहे.

मी ईशिताला आधी सांगितलं नव्हतं.

ती साऊंडच्या टेबलावर होती. गेल्या वर्षीही तीच होती, नंदूने तिला शिकवलं आहे. मला वाटलं होतं, कार्यक्रमाला येण्याआधी सकाळी सांगू. सकाळी तिची शिफ्ट होती. मग वाटलं, हॉलवर पोचल्यावर. तिथे खुर्च्या मांडायच्या होत्या, पाहुणे यायचे होते, आणि मी मनातल्या मनात भाषण म्हणत होते. खरं सांगायचं तर मला त्या भाषणाच्या आड काही यायला नको होतं.

"ईश्वर" म्हटलं तेव्हा तिने मान वर केली. साक्ष देऊन तो कायम झाला हे सांगितलं तेव्हा तिला कळलं, की ही सिनेमाची गोष्ट नाही. मी थांबायला हवं होतं. वाक्य अर्धं झालं होतं आणि पुढचं वाक्य फार चांगलं होतं. मी थांबले नाही.

तिने माइक बंद केला नाही. माझा आवाज चढला की ती खाली घेत होती, उतरला की वर. शेवटच्या टाळीपर्यंत आवाज कुठे फाटला नाही.

मी व्यासपीठावरून उतरले तेव्हा टेबलावर कोणी नव्हतं. केबल गुंडाळून ठेवलेल्या होत्या. घरी आले तर बेसमेंटमध्ये तिची एक बॅग कमी होती. योगेशने फोन केला. ती म्हणाली, मैत्रिणीकडे आहे, काळजी करू नका, आणि ठेवला. माझा फोन तिने घेतला नाही.

तू पडद्यावर तिला काँक्रीटमध्ये घातलंस. मी तिला वाचवायला उभी राहिले आणि तिच्या बापाची गोष्ट तिला तीनशे लोकांबरोबर ऐकवली. योगेशला मी म्हटलं, "काहीतरी बोल." तो म्हणाला, "तू बोललीस ना सगळं."

ताई

---

ब्रॅम्पटन
२६ एप्रिल २०२५

जयदीप,

ईशिता आज दुपारी सामान न्यायला आली. मैत्रिणीची गाडी बाहेर चालू ठेवलेली होती. बूट न काढता दारातल्या पायपुसण्यावर उभी राहिली. मी बस म्हटलं नाही. हक्क नव्हता.

"ताई, मी भांडायला नाही आले," ती म्हणाली.

"भांड."

"तेच तर. तुम्ही मला इथे किचनमध्ये सांगितलं असतं ना, तर मी तुमच्याशी भांडले असते. कप फोडला असता. रडले असते. तिथे मला काही करताच नाही आलं. Everybody was looking at you, आणि मी आवाजाचा फेडर धरून बसले होते."

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिने हात वर केला. "प्लीज. स्पीच नको."

योगेशने खुर्ची सरकवली तेव्हा बसली. तिने गावी फोन केला होता. बाबांना सरळ विचारलं, शिवरामकाकांबद्दल तुम्ही खोटं सांगितलं का. म्हाताऱ्याने फोन ठेवला. दोन दिवस उचलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानेच केला. "हो बेटा. लिवून देल्लं होतं म्यां." आणि मग, "जेवलीस का?"

"मी जेवले म्हटलं," ती म्हणाली. "नव्हते जेवले."

मी तिला तुझा सौदा सांगितला. व्हिडिओ, महेश, सगळं, काही न लपवता. म्हटलं, अजूनही वेळ आहे, भावाने अजून नकार दिलेला नाही. तू म्हणशील तर मी तो व्हिडिओ करते. हे मी मनापासून म्हटलं, जयदीप. तिच्यासाठी मी ती खोटी साक्ष दिली असती.

ती म्हणाली, "आईही फोनवर म्हणाली होती, सिनेमातलं नाव बदलायला लावच. मी म्हणते, नको. नाव बदललं की बाबांना वाटेल, सुटलो. केलं आहे तर राहू द्या त्यांच्या नावावर. लोक बोलतील, बोलू द्या. कोणी दगड मारला तर मी पोलिसात जाईन. पण मला खांबात पुरतात ते मला नको आहे. मी काही केलेलं नाही."

"मी त्याला सांगते," मी म्हटलं.

"नाही ताई. तुम्ही माझ्या बाजूनेच बोललात, मला कळतं. पण तुम्ही मला विचारलं नव्हतं. हे मी बोलणार. त्यांचा नंबर द्या."

तेव्हा आता संध्याकाळ झाली आहे आणि ती अजून माझ्या किचनमध्ये बसली आहे. मैत्रिणीची गाडी परत गेली आहे. सामान खालीच आहे, ती राहणार की जाणार हे मी विचारलेलं नाही. योगेशने तिच्यासमोर पोहे ठेवले आहेत आणि ती ते खाते आहे. चेन्नईत आता पहाट असेल. ती थोडी थांबणार आहे, तुला उठवायचं नाही म्हणून.

पेट्रोलच्या कॅनबद्दल मी तिला सांगितलेलं नाही. व्यासपीठावरूनही नाही, इथेही नाही. त्या रात्री ती घरात होती, हे तिला सांगायचं की नाही हे तू ठरवायचं आहे. तिचा आवाज ऐकून ठरव.

कॅनडाचा अनोळखी नंबर दिसेल. तो तू ब्लॉक केलेला नाहीस. उचल.

ती बोलेल तेव्हा मी बेसमेंटमध्ये जाऊन बसणार आहे, म्हणजे मला मध्ये बोलता येणार नाही.

ताई